प्रार्थना म्हणावी की करावी?

आमच्या तरुणांच्या तोंडी अलीकडे एक वाक्य वारंवार येऊ लागले आहे : "तुम्ही प्रार्थना म्हणता, आम्ही प्रार्थना करतो." जपमाळ ओढणारी आजी 'म्हणणाऱ्यां'त जमा होते आणि डोळे मिटून स्वतःच्या शब्दांत बोलणारा नातू 'करणाऱ्यां'त. दोन क्रियापदांनी घराची वाटणी होते. हा भेद मला चुकीचा वाटतो आणि घातकही; म्हणून त्याचा प्रतिवाद करणे अगत्याचे आहे.

यवतमाळ शहरात १९५३ पासून, १९८३ साली पुण्यास स्थलांतर होईपर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. मोकळ्या शब्दांतील प्रार्थनेची प्रॉटेस्टंट परंपरा या जिल्ह्याला नवी नाही आणि ती मला आदरणीयच वाटते. माझे भांडण तिच्याशी नाही. एका क्रियापदाला उच्चासनावर बसवून दुसऱ्याला पायरीवर उभे करण्याशी आहे.

असे भांडण अन्यत्रही आहे. स्पॅनिश भाषेत प्रार्थनेसाठी दोन क्रियापदे आहेत, 'रेसार' आणि 'ओरार'. पहिले लॅटिन 'रेचितारे'पासून आले. त्याचा अर्थ पाठ म्हणणे. जपमाळेसाठी स्पॅनिश माणूस हेच वापरतो. दुसरे 'ओरारे'पासून आले. ते भारदस्त, ध्यानाकडे व उत्स्फूर्त प्रार्थनेकडे झुकणारे. स्पॅनिशभाषक प्रॉटेस्टंट बांधव सहसा 'ओरार' पसंत करतात, आणि कॅथलिकांचे ते नुसते 'रेसार', असा टोलाही काही जण लगावतात. आमच्या तरुणांचे वाक्य त्याच टोल्याचे मराठी भावंड होय.

परंतु शब्दांच्या मुळाशी जाऊन पाहावे. ज्या 'ओरारे'चा एवढा मान, त्याचा जुना अर्थ बोलणे, बाजू मांडणे, विनवणे असाच आहे. न्यायासनापुढे किंवा सभेत बोलणाऱ्याला लॅटिनमध्ये 'ओरातोर' म्हणत. आपले 'म्हणणे'ही याच जातीचे. "आपले म्हणणे मुदतीत सादर करावे," या नोटिशीतील वाक्याचा अर्थ आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. म्हणणे म्हणजे ओठ हलवणे नव्हे. आपली बाजू मांडणे. आणि नित्यनेमाने हरिपाठ म्हणणाऱ्या वारकऱ्याला "तू भक्ती करीत नाहीस" असे सांगण्यास कोणता मराठी माणूस धजेल?

पोकळ बडबड करू नका, असे प्रभूने बजावले हे खरे (मत्तय ६:७). पण पाठोपाठ त्याने शिष्यांच्या मुखी ठरलेल्या शब्दांचीच प्रार्थना दिली! गेथशेमनी बागेत तिसऱ्यांदा प्रार्थना करताना त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारले, असे मत्तय नोंदवतो. क्रूसावर त्याच्या ओठी आला तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, म्हणजे पूर्वजांकडून आलेले शब्द. उलट मंदिरातील परुश्याची प्रार्थना (लूक १८) सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या शब्दांत होती. तीत 'मी'पणाखेरीज काय होते?

म्हणून घोकंपट्टीचे समर्थन मी करीत नाही. आपण कोणाशी बोलत आहोत याचे भान नसेल, तर ओठ कितीही हलले तरी ती प्रार्थना नव्हे, असे आविलाच्या संत तेरेजाने (१५१५-१५८२) निक्षून सांगितले आहे. पण याच तेरेजाचा 'परिपूर्णतेचा मार्ग' वाचावा. स्त्रियांना ध्यानाचे काय काम, त्यांना प्रभूची प्रार्थना आणि आवे मारिया पुरे, असे तेव्हा हिणवून म्हटले जाई. तिचे उत्तर असे की, होय, पुरे आहे! आणि पुढे तिने प्रभूच्या प्रार्थनेचेच विवरण केले. आपल्याला फक्त मुखाने प्रार्थना म्हणता येते, म्हणून कष्टी झालेल्या एका भगिनीविषयीही ती लिहिते. चौकशी करता तेरेजाला आढळले, की प्रभूची प्रार्थना म्हणता म्हणताच ती भगिनी ध्यानाच्या शिखरावर पोहोचली होती. ज्या भाषेत दोन क्रियापदे होती, तिच्यातच या संत स्त्रीने त्यांच्यातील भिंत पाडली.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. ज्या घरातून कर्ता पुरुष असा निघून जातो, तेथे त्या विधवेला आपल्या शब्दांत प्रार्थना करण्यास सांगावे काय? तिचे शब्द आटलेले असतात. अशा वेळी शेजारणी भोवती बसतात, जपमाळ सुरू होते आणि पाठ असलेले शब्द तिला हात देतात. तिच्या वतीने साऱ्या ख्रिस्तसभेचे ते म्हणणे असते. आयुष्यभर जे म्हटले, तेच संकटात कामी येते. ज्याने काही पाठच केले नाही, त्याच्या गाठीशी काय उरेल?

तेव्हा तरुणांनो, तुमच्या शब्दांत प्रार्थना अवश्य करा. पण संध्याकाळी आजीच्या शेजारी बसून जपमाळही म्हणा. आणि आजी-आजोबांनो, माळ ओढताना घाई करू नका. प्रत्येक मणी आपले म्हणणे प्रभूच्या कानी घालतो आहे, हे ध्यानात असू द्या. घरातील दोन क्रियापदे एकाच चटईवर बसू द्यात.