रुळावरचे सोळा मजूर आणि पाळकांचे काम

जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यात राबणारे वीस परप्रांतीय मजूर ७ मे २०२० च्या सायंकाळी पायी निघाले. टाळेबंदीला दीड महिना होत आला होता. काम बंद आणि हातातला पैसा संपलेला. भुसावळहून मध्य प्रदेशकडे जाणारी श्रमिक रेल्वे मिळेल या आशेने त्यांनी रेल्वेचा रूळ धरला. पस्तीसेक किलोमीटर चालून बदनापूर आणि करमाड या स्टेशनांच्या दरम्यान सटाणा शिवारात ते थकून रुळावरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली आणि सोळा जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली ही माणसे, बहुतेक गोंड आदिवासी. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या रोट्या सगळ्या देशाने पाहिल्या.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. आठवड्याभराने, १५ मे रोजी, हा विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला तेव्हा माणसे रुळावर झोपली तर त्यांना कोण अडवणार, अशा अर्थाचा सवाल खंडपीठाने केला. रेल्वे कायद्याच्या भाषेत तर ते सोळा जण प्रवासीसुद्धा नव्हते. विनापरवाना रेल्वे हद्दीत शिरलेले लोक, एवढीच त्यांची ओळख.

राज्यकर्ते आणि न्यायालय यांच्याबद्दल आपण नेहमी लिहितो. आज प्रश्न विचारायचा आहे तो ख्रिस्ती पाळकांना. अशी सार्वजनिक शोकांतिका घडते तेव्हा पाळकाने काय करावे?

आंबेडकरी दैनिकात पाळकांच्या कर्तव्याची चर्चा कशाला, असे काही बांधव विचारतील. तर ऐका. जालना हे मराठवाड्यातील ख्रिस्ती मिशनचे जुने ठाणे आहे. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवून बेथेल हे गाव वसवले, ते प्रामुख्याने मांग आणि महार धर्मांतरितांसाठी. आजही मराठवाड्यात एकाच भावकीत एक घर बौद्ध आणि दुसरे ख्रिस्ती असे दिसते. शिवाय पाळकाकडे एक गोष्ट अशी आहे जी आपल्या कार्यकर्त्याकडे नाही. दर रविवारी, न बोलावता, लोक त्याच्यासमोर येऊन बसतात आणि तासभर ऐकतात. त्या तासात काय सांगितले जाते याच्याशी आपला संबंध आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पाळकाने अशा मृत्यूचा अर्थ सांगू नये. देवाची इच्छा होती, पापाची शिक्षा होती, शेवटचा काळ जवळ आला, यातले काहीही नाही. महामारीच्या काळात सर्वच धर्मांच्या उपदेशकांनी असले अर्थ भरपूर वाटले. वास्तविक खुद्द येशूपुढे हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती माणसे यरुशलेमातील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून त्यानेच नाही असे उत्तर दिले. ही गोष्ट लूकच्या तेराव्या अध्यायात आहे आणि प्रत्येक पाळकाने ती वाचलेली आहे.

या बाबतीत मोठमोठ्यांचा तोल गेलेला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे सांगितले. रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यतेविरुद्धचे वाक्य म्हणून आपल्यातल्या कुणाला ते गोडही वाटेल. पण ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्यांत अस्पृश्यही होते, त्यांनी कोणते पाप केले होते? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला तो याच मुद्द्यावर. गरिबाच्या दैन्याचे कारण त्याच्या मागच्या जन्मात शोधले की समाज आणि शासन आपोआप सुटतात. पाप म्हणा, प्राक्तन म्हणा की प्रभूची योजना म्हणा, परिणाम एकच, ठेकेदार सुटतो. (आपल्या विहारांतही नशिबाची भाषा बोलणारे आहेत, त्यांनीही हे वाचावे.)

किसा गोतमी मेलेले मूल घेऊन तथागतांकडे आली तेव्हा त्यांनी तिला प्रवचन दिले नाही. ज्या घरात कुणी मेलेले नाही त्या घरची मोहरी आणायला सांगून तिला गावात पाठवले. ती दारोदार फिरली आणि इतरांचे दुःख ऐकत गेली. शोकात माणसाला आधी माणूस लागतो.

दुसरा मुद्दा थोडा बोचरा आहे. ते सोळा मजूर कुणाच्याच कळपातले नव्हते. चर्चच्या यादीत नाव नाही, विहारात येणे नाही, मतदार यादीत नाव परराज्यात. पाळकाची परीक्षा नेमकी इथे होते. आपल्या मंडळीत मयत झाली तर पाळक रात्री-अपरात्री धावतो, हे मी पाहिले आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला ओलांडून पुढे गेलेले दोघे धर्मसेवकच होते. बाबासाहेबांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर केलेली टीका हीच आहे. मिशनने शाळा दिल्या, इस्पितळे दिली, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा उभारला नाही.

पाळकांची अडचण मला कळते. अन्नाचे पाकीट घेऊन गेले तरी आमिषाचा आरोप होतो. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरविरोधी कायदा होता आणि २०२१ मध्ये त्याहून कडक कायदा आला. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगून टाकले की धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. तेव्हा वकील म्हणून सल्ला देतो. मयताच्या दारात पत्रक नेऊ नका, प्रार्थनेचा आग्रह धरू नका, फोटो काढू नका. आरोपाच्या भीतीने तर नकाच, पण कुणी आरोप करणार नसला तरीही नका. मात्र दाराशी जा. सांत्वन करण्यावर कोणत्याही कायद्याने बंदी घातलेली नाही.

आणि एक काम तर पाळकांना आमच्यापेक्षा चांगले येते, ते नोंदवहीचे. कुणाचा जन्म, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाचे दफन, सगळे नावानिशी तारीखवार. या सोळा जणांच्या काही कुटुंबांना वर्ष उलटल्यावरही मृत्यूचे दाखले मिळाले नव्हते, अशा बातम्या आल्या होत्या. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यू जिथे घडला तिथे नोंद होते. म्हणजे दाखला इथला आणि विधवा शहडोलच्या खेड्यात. दाखला नाही म्हणून विधवेची पेन्शन नाही. जालन्याच्या किंवा औरंगाबादच्या एका पाळकाने सायकलवरून करमाडच्या बाजूला चार खेपा घालून, संबंधित कचेरीत अर्ज देऊन, पोच घेऊन जे साधले असते ते शंभर शोकसभांनी साधत नाही. यात धर्मांतराचा वास कुणाला येणार?

असे धर्मगुरू महाराष्ट्राने पाहिलेले नाहीत असे नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो जमीन माफियांविरुद्ध लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली केडगावला आणल्या. आणि झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची बाजू घेणारे फादर स्टॅन स्वामी भीमा-कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले, तळोजा तुरुंगात राहिले आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, जामिनाविना मुंबईत वारले. ही किंमत मोठी आहे. ती प्रत्येक पाळकाने मोजावी असे कुणी म्हणत नाही. कामगार आयुक्तांना एक पत्र लिहायला एवढी किंमत पडत नाही.

कारण एमआयडीसीतल्या भट्ट्या चालूच आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये येथील एका पोलाद कारखान्यात भट्टीत स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच मजूर असले तरी लागू होत असे. येण्याजाण्याचा प्रवासखर्च, विस्थापन भत्ता, अपघात झाल्यास दोन्ही राज्यांना आणि नातलगांना कळवणे, हे सगळे त्यात होते. त्यातले २०२० च्या मे महिन्यात त्या वीस जणांच्या वाट्याला काय आले हे रुळावर दिसलेच. आता नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली आहे आणि मर्यादा दहा मजुरांवर गेली आहे. नऊ परप्रांतीय मजूर ठेवणारा मालक त्या तरतुदींच्या बाहेर गेला. पुढच्या रविवारी जालन्यातल्या एखाद्या पाळकाने उपासनेनंतर आपल्या मंडळीतल्या कारखान्यात जाणाऱ्यांना एवढेच विचारावे, की तुमच्या शेडमध्ये परराज्यातले किती जण आहेत, त्यांची नावे काय आणि त्यांच्या घरचा फोन नंबर कुणाकडे आहे.