श्वासाचा मासिक खर्च

नागपूरच्या दक्षिणेकडील बेसा हे पाहता पाहता गावाचे उपनगर झाले. निवृत्तीच्या पुंजीतून सदनिका घेतलेली अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे येथे राहतात. आजूबाजूला बांधकामे चालूच असतात आणि त्यांची धूळ खिडकीतून घरात येते. अशा घरात सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकुंचित करणाऱ्या विकाराचा रुग्ण असला, तर महिन्याचा ताळेबंदच बदलून जातो.

हा केवळ विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, अशी आपली सोयीची समजूत आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०१८ च्या अभ्यासाने ती खोटी ठरविली. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि या रोगाच्या निम्म्याहून अधिक भाराचे मूळ प्रदूषित हवेत होते. तंबाखूचा वाटा सुमारे चतुर्थांश. चुलीपुढे जन्म काढलेल्या माउल्यांनी कुठे विडी ओढली होती? त्या दृष्टीने २०१६ ची उज्ज्वला योजना ही आरोग्ययोजनाही होय.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण लाभले, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. मात्र ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरी परतल्यावर पंधरा दिवसांची औषधे मिळतात. सोळाव्या दिवसापासून भार कुटुंबावर. या विकारात रोजचा पंप हाच खरा उपचार, आणि तो चुकला की रुग्ण पुन्हा दाखल! जो खर्च टाळता आला असता तो शासन देते. ज्याने तो टळला असता, तो नाही. हे कसले नियोजन?

घरी प्राणवायू लागणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. असा रुग्ण दिवसातून किमान पंधरा तास कॉन्सन्ट्रेटरवर असतो. तीनशे वॅटचे यंत्र धरले तरी महिन्याला १३५ युनिट वीज होते. घरगुती दराचा स्वस्त टप्पा शंभर युनिटांवर संपतो, म्हणजे पंखा-दिवा लावण्याआधीच ते घर महागड्या टप्प्यात जाते. श्वासासाठी जाळलेली वीज चैनीच्या विजेच्या भावाने का मोजावी? वैद्यकीय प्रमाणपत्रावर या युनिटांना सवलत देणे राज्य शासनास मुळीच अवघड नाही.

शुश्रूषेचे मोल तर कोणत्याच बिलात येत नाही. सून नोकरी सोडते, मुलगा बदली नाकारतो. आपली कुटुंबव्यवस्था हे निमूटपणे सोसते, म्हणून तिला गृहीत धरणे योग्य नव्हे.

समाजाच्या हाती असलेले एक काम मात्र उद्याच करता येईल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक सेवासंस्थांनी व मंडळांनी कॉन्सन्ट्रेटर घेतले होते. आपापल्या वस्तीत ती यंत्रे कोठे आहेत, किती चालू आहेत आणि कोणाच्या जाळ्या बदलावयाच्या आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी. रुग्णसाहित्य केंद्रात चाकांच्या खुर्चीशेजारी त्यांनाही जागा मिळावी, आणि ती नाममात्र अनामतीवर बेसासारख्या वस्त्यांतील घरी पोहोचावीत.