पिकते तिथेच विकते

‘पिकते तिथे विकत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरच्या गुणाची घरात कदर होत नाही, असा तिचा अर्थ. पण इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलने ही म्हण उलटी करून टाकली आहे. तिथे जे घरी पिकते तेच आधी विकले जाते, आणि याचे कारण मैदानावर नसून हिशेबाच्या वहीत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने फुटबॉलवर लिहावे, हा कुणाला आगाऊपणा वाटेल. परंतु आजचा चाहता गोलांवर जितका बोलतो त्याहून अधिक बोलतो तो कोण येणार, कोण जाणार आणि कितीला, यावर. तेव्हा हा विषय जितका खेळाचा तितकाच आमच्या शाखेचाही आहे.

जून उजाडला की युरोपात खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे बाहेर पावसाची झड लागलेली असते आणि कँटीनमध्ये चहा निवेपर्यंत वाद रंगतात. एक म्हणतो ‘आपला क्लब’, दुसरा म्हणतो ‘नम्म क्लब’. आणि त्या क्लबाचे गाव दोघांपैकी एकानेही पाहिलेले नसते. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपुलकीला पासपोर्ट लागत नाही. माझी तक्रार निराळी आहे. या वादांत ‘किती कोटी दिले?’ हा प्रश्न शंभरदा येतो. ‘ते कोटी उभे करण्यासाठी कोणाला घराबाहेर काढले?’ हा प्रश्न क्वचितच येतो.

उदाहरणादाखल न्यूकॅसल युनायटेड हा एकच क्लब घेऊ. टाइन नदीकाठचे हे शहर एके काळी कोळसा आणि जहाजबांधणी यांसाठी प्रसिद्ध होते. शहरात मोठा क्लब एकच, त्यामुळे सारे शहर त्याच्या पाठीशी. १९५५ साली एफ. ए. चषक जिंकल्यानंतर मात्र देशातला एकही मोठा करंडक या क्लबाला मिळाला नव्हता. २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटाने सुमारे ३० कोटी ५० लाख पौंडांना क्लब विकत घेतला आणि चाहत्यांना वाटले, आता जगातला हवा तो खेळाडू येणार. पण मालक श्रीमंत असला म्हणजे क्लबाला हवा तसा खर्च करता येतो असे नाही. प्रीमियर लीगच्या तेव्हाच्या नियमानुसार कोणत्याही क्लबाला तीन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा दाखवता येत असे. नियम मोडणाऱ्याचे गुण कापले जात. एव्हर्टनचे २०२३ च्या नोव्हेंबरात दहा गुण कापले गेले. अपिलानंतर ते सहावर आले.

आता हा नफा-तोटा मोजतात कसा, ते पाहू. समजा, क्लबाने ५ कोटी पौंड मोजून एक खेळाडू पाच वर्षांच्या कराराने घेतला. ही सगळी रक्कम त्याच वर्षी खर्ची पडत नाही. यंत्रावर आपण घसारा काढतो तशी ती कराराच्या पाच वर्षांवर वाटली जाते, दरवर्षी १ कोटी. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २ कोटी उरते. त्या वेळी तो ४ कोटींना विकला, तर नफा २ कोटी. खरी गोम पुढेच आहे. खरेदीचा खर्च पाच वर्षांवर वाटला, पण विक्रीचा नफा मात्र एकरकमी, त्याच वर्षी जमा.

याच्या शेजारी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून क्लबाच्याच प्रशिक्षण केंद्रात वाढलेला मुलगा ठेवून पाहा. आपण वर्गात शिकतो, की विकत घेतलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येते. स्वतःच्या कष्टाने मिळवलेली ख्याती दाखवता येत नाही. इथेही तोच न्याय. या मुलासाठी कोणाला किंमत मोजलेली नाही, म्हणून वहीत त्याची किंमत शून्य. आणि म्हणूनच त्याच्या विक्रीतून येणारा प्रत्येक पौंड हा निव्वळ नफा.

२०२४ च्या जूनअखेर न्यूकॅसलमध्ये नेमके हेच घडले. ३० जूनला हिशेबाचे वर्ष संपणार होते, आपल्याकडे ३१ मार्चला संपते तसे. तोटा मर्यादेबाहेर जाण्याची भीती होती. तेव्हा आठव्या वर्षापासून क्लबात वाढलेला इलियट अँडरसन हा एकवीस वर्षांचा मुलगा सुमारे ३ कोटी ५० लाख पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकण्यात आला. त्याच सुमारास फॉरेस्टचा एक गोलरक्षक न्यूकॅसलने सुमारे २ कोटींना घेतला. पुढच्या हंगामात तो लीगचा एकही सामना खेळला नाही. प्रत्यक्ष पैशाच्या दृष्टीने ही जवळजवळ अदलाबदल. पण वहीत पाहा: अँडरसनचे साडेतीन कोटी त्याच वर्षी नफ्यात, आणि गोलरक्षकाचे दोन कोटी, पाच वर्षांचा करार धरला तर, वर्षाला फक्त ४० लाख खर्चात. प्रशिक्षक एडी हाउ यांनाही ही विक्री मनापासून नको होती. पण वहीपुढे प्रशिक्षकाचे काय चालणार?

फॉरेस्टची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. ब्रेनन जॉन्सन हा तिथला घरचा मुलगा. त्याचे वडीलही याच क्लबाकडून खेळलेले. फॉरेस्टने तो विकला, पण चांगली किंमत यावी म्हणून थांबून, २०२३ च्या सप्टेंबरात, सुमारे ४ कोटी ७५ लाखांना. ३० जून उलटून गेल्यामुळे तो नफा आधीच्या वर्षात धरला गेला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये फॉरेस्टचे चार गुण कापले गेले. याचा अर्थ एवढाच, की घरचा मुलगा विकायचाच असेल तर वर्षअखेरीच्या आत विका!

घरच्या मुलाची खरी किंमत काय असते, हे न्यूकॅसलला पुढल्याच वर्षी दिसले. १६ मार्च २०२५ रोजी वेम्बली मैदानावर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ असे हरवले आणि सत्तर वर्षांचा दुष्काळ संपवला. पहिला गोल केला तो डॅन बर्नने. जवळच्या ब्लाइथ गावचा हा मुलगा अकरा वर्षांचा असताना याच क्लबाने त्याला नाकारले होते. पुढे लहान-मोठ्या क्लबांत घाम गाळून तो वर आला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूकॅसलने त्याला सुमारे १ कोटी ३० लाख पौंड देऊन परत आणले. जो मुलगा फुकट हाताशी होता तो कोटी मोजून आणावा लागला; आणि ज्या दिवशी सारे शहर रडले-हसले त्या दिवशी गोल त्याचाच होता.

त्याच सामन्यातला दुसरा गोल अलेक्झांडर इसाकचा. हाच इसाक २०२५ च्या उन्हाळ्यात ‘मला जाऊ द्या’ म्हणून अडून बसला, संघाच्या आशिया दौऱ्यावरही गेला नाही, आणि १ सप्टेंबरला १२ कोटी ५० लाख पौंडांना लिव्हरपूलकडे गेला. चाहत्यांनी त्याला गद्दार ठरवले. राग समजण्यासारखा आहे. पण वही इथेही उघडून पाहावी. २०२२ साली सुमारे ६ कोटींना, सहा वर्षांच्या कराराने घेतलेला हा खेळाडू; तीन वर्षांनी वहीत उरले ३ कोटी. म्हणजे क्लबाचा नफा साडेनऊ कोटींच्या घरात! अँडरसनला जूनअखेरीस दाराबाहेर धाडणाऱ्या क्लबाला कुणी गद्दार म्हटले नाही. निष्ठा हवी तर ती दोन्ही बाजूंनी हवी. एकाच बाजूने मागितलेल्या निष्ठेला आपण ताबेदारी म्हणतो.

खेळाडूने जाऊच नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो हक्क मोठ्या झगड्यातून मिळालेला आहे, आणि त्या झगड्याचा एक धागा याच न्यूकॅसलला जोडलेला आहे. १९६० साली जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूला आर्सेनलकडे जायचे होते. करार संपला तरी क्लबाने परवानगी दिल्याशिवाय खेळाडूला हलता येत नसे. न्यूकॅसलने अडवताच ईस्टहॅमने खेळणे थांबवले आणि पोटासाठी बुचे विकण्याची नोकरी धरली. अखेर ४७,५०० पौंडांना त्याला सोडण्यात आले. पण त्याने क्लबाविरुद्ध लावलेला खटला चालूच राहिला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की खेळाडूला असे अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या व्यवसायावर गैरवाजवी बंधन घालणे आहे. स्वेच्छेने जाणारा खेळाडू स्वतंत्र आहे. प्रश्न आहे तो स्वतःची इच्छा नसताना, केवळ वहीतल्या शून्यामुळे जाणाऱ्याचा.

कुणी म्हणेल, लहान क्लब मुले घडवून, ती विकूनच जगतात; त्यांच्या पोटावर पाय का आणता? आक्षेप रास्त आहे. विक्री बंद करा असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच, की खरेदीचा खर्च जर पाच वर्षांवर वाटता, तर नियमाच्या मोजणीपुरता विक्रीचा नफाही पाच वर्षांवर वाटा. पैसे हातात येतीलच. पण ३० जूनच्या रात्री घरचे पोर विकून एका फटक्यात हिशेब जुळवण्याचा मोह उरणार नाही. नियम बदलत नाहीत असेही नाही. चेल्सीने २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांडिसला साडेआठ वर्षांचा करार देऊन खर्च लांबवर पसरवला, तेव्हा युरोपीय संघटनेने आणि प्रीमियर लीगनेही त्याच वर्षात पाच वर्षांची मर्यादा घातली. २०२५ च्या नोव्हेंबरात तर लीगच्या क्लबांनी तोट्याचा जुना नियमच बदलला आणि संघावरील खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे २०२६-२७ च्या हंगामापासून ठरवले. पण त्या हिशेबातही खेळाडूंच्या विक्रीचा नफा धरला जातोच. म्हणजे वही नवी, मोह जुनाच.

अँडरसनचे पुढे वाईट झाले नाही. २०२५ च्या सप्टेंबरात तो इंग्लंडकडून खेळला. मग बिघडले कोणाचे? जो चाहता पिढ्यान्‌पिढ्या त्याच मैदानावर जातो आणि आपल्या गल्लीतला मुलगा आपल्या रंगात खेळताना पाहू इच्छितो, त्याचे बिघडले. त्याच्यासाठी तो मुलगा शून्य नव्हता.

मित्रहो, वाद जरूर घाला. नव्या खेळाडूंची नावे घ्या, किमती सांगा, पैजा लावा. फक्त एवढे करा, की नव्या खेळाडूचे स्वागत करताना वहीचे दुसरे पानही उलटून पाहा. तिथे नफ्याच्या रकान्यात एखादे घरचे नाव लिहिलेले असेल. ते नाव वाचल्याशिवाय ‘आपला क्लब’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, असे मला वाटते.