वाजीकरणाची कॅप्सूल आणि नायट्रोग्लिसरीनचे सलाईन

हृच्छूलाचा रुग्ण दाखल झाला, रक्तदाब चढलेला असला, की रुग्णालयात शिरेवाटे नायट्रोग्लिसरीन सुरू करतात. 1847 मध्ये इटलीच्या सोब्रेरो यांनी तयार केलेले हे द्रव्य हृच्छूलावर उपयुक्त असल्याचे लंडनच्या डॉ. विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये दाखविले. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनते. त्यामुळे पेशींतील सी-जीएमपी वाढून रक्तवाहिन्या शिथिल होतात आणि हृदयावरील भार हलका होतो.

याचा आपल्याशी काय संबंध, असे काही वैद्यबंधू विचारतील. तो संबंध आपल्याच दुकानाच्या फळीवर आहे. सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही द्रव्ये त्याच सी-जीएमपीचा नाश रोखतात. ती घेतलेल्यास नायट्रोग्लिसरीन दिले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून सिल्डेनाफिलनंतर 24 तास व टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट वर्ज्य मानतात. डॉक्टर तशी चौकशीही करतात. रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि प्रामाणिकपणे म्हणतो. कारण त्याने घेतलेली असते ‘शुद्ध वनौषधी’ची कॅप्सूल! वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत सिल्डेनाफिल आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत.

वाजीकरण हे अष्टांगांपैकी एक अंग. अश्वगंधा, कपिकच्छू, शतावरी यांचे कार्य धातुपोषणाच्या क्रमाने होते. तासाभरात गुण देणारी कॅप्सूल दिसली, की वैद्याला संशय आलाच पाहिजे.

सावलीतील रुग्ण मूलमार्गे चंद्रपूरला किंवा वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला न्यावा लागतो. तेथील डॉक्टरांना त्याचा पूर्ववृत्तांत कळण्याचे खात्रीचे साधन म्हणजे आपली चिठ्ठी. म्हणून माझे आग्रहाचे मत असे : ज्या वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व उत्पादकाचा पत्ता नाही, असा माल औषधविक्रेत्यांनी ठेवू नये, बिलाविना तर घेऊच नये. छातीत दुखणाऱ्या रुग्णास, गेल्या दोन दिवसांत शक्तिवर्धक काही घेतले काय, हे वैद्याने नातेवाइकांना बाजूला करून विचारावे. उत्तर चिठ्ठीत लिहावे, वेष्टन सोबत द्यावे. मात्र त्यासाठी रुग्णाला पाठविण्यास विलंब करू नये.

भेसळ करणारा कारखानदार दूर कोठेतरी असतो. रुग्ण मात्र आपल्या गावचा असतो, आणि त्याने औषध घेतलेले असते ते आयुर्वेदावरील विश्वासाने. तो विश्वास राखणे आपल्याच हाती आहे.