चोर्ल्याच्या उतारावर थरथरणारं स्टिअरिंग

"यंदा चवथीला म्हापशाला बसने जाऊया," असं बाबा जुलैमध्ये म्हणाले, तेव्हा मला राग आला. कारण ते माझ्या गाडीबद्दल बोलत होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. आत्याकडे जायचं तर चोर्ला घाट उतरावा लागतो. मागच्या सीटवर आई आणि तीन वर्षांची लेक.

खरं तर हे दुखणं मी एप्रिलमध्येच 'दुरुस्त' करून घेतलं होतं. गॅरेजवाल्याने सांगितलं, "डिस्क वाकल्यात." पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले, भरपूर बिल भरलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घेऊन गोव्याला निघालो. जांबोटी, कणकुंबीपर्यंत गाडी लोण्यासारखी. जूनमध्ये थरथर परत हजर. ऑफिसात कोणी असा बग 'फिक्स' केला असता तर मी त्याला सोडलं नसतं. इथे मात्र कारण न शोधता पार्ट बदलून मोकळा झालो होतो.

मग ओळखीच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "ब्रेक न दाबता हादरते काय?" नाही. तसं असतं तर चाकांचं बॅलन्सिंग बघितलं असतं. "स्टिअरिंग हलतंय की सीट?" स्टिअरिंग. म्हणजे बहुतेक पुढचीच चाकं. चाक काढून डिस्कवर डायल गेज लावला, हाताने फिरवली. काटा 0.12 मिलिमीटर हलला. साध्या कागदाच्या जाडीइतका फरक! पण साठच्या वेगात लहान गाडीचं चाक सेकंदाला नऊ-दहा वेळा फिरतं, आणि तेवढ्या वेळा तो उंचवटा पॅडला धक्का देतो.

डिस्क काढल्यावर कारण दिसलं. हबवर गंजाचा थर तसाच होता, नवी डिस्क त्याच्यावरच बसवलेली. त्यामुळे ती किंचित तिरकी फिरत होती. वर व्हील नट गनने वाटेल तसे आवळलेले. वायर ब्रशने हब घासून डिस्क परत बसवली, तर गेजवर 0.03. मला हसावं की रडावं कळेना.

पण सगळा दोष गॅरेजचा नव्हता. डिस्कवर पॅडच्या आकाराचा एक काळपट डाग होता. "नवीन पॅड घालून लगेच घाट उतरलासा?" मेस्त्रींनी विचारलं. होय की! उतारभर पाय ब्रेकवर, आणि खाली केरीच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली तेव्हा तापलेला ब्रेक पाच मिनिटं दाबून उभा. तापलेल्या पॅडचा माल त्या एका जागी डिस्कला चिकटला. आपण ज्याला 'डिस्क वाकली' म्हणतो, ते पुष्कळदा हेच असतं.

डिस्क नवी असल्याने कोरलेल्या किमान जाडीच्या खूप वर होती, म्हणून लेथवर हलका हात फिरवून घेतला. पॅड मात्र परत नवे. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना ब्रेकचं ग्रीस लावलं आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळले. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात असतं. बऱ्याच लहान गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटर.

राहिलं पॅड बसवणं, जे मी एप्रिलमध्ये केलंच नव्हतं. पॅडच्या मालाचा पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की मगच ब्रेक नीट धरतो. रविवारी पहाटे सहाला गावाबाहेरच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर गेलो, एकटाच. आधी दोन-तीनदा हलका ब्रेक. मग आरसा बघून, साठवरून पंधरापर्यंत, जरा जोर लावून पण चाक लॉक न करता. गाडी पूर्ण थांबवायची नाही, ही यातली खरी मेख आहे. परत साठ, अर्धा मिनिट तसंच जाऊ द्यायचं, परत ब्रेक. असं दहा वेळा. शेवटी थोडा जळका वास आला. नव्या पॅडला तो येतोच. नंतर दहा मिनिटं जमेल तितकं ब्रेकला हात (म्हणजे पाय!) न लावता गाडी चालवून गार केली. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळला. तुमच्या पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा.

चवथीला आम्ही गाडीनेच गेलो. घाटात दुसरा गिअर. वेग इंजिनने धरलेला, ब्रेक थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते, मारू देत. स्टिअरिंग गप्प. बाबा पुढे बसले होते, उजव्या हातात मोदकांचा डबा, डावा हात दारावरच्या हँडलला घट्ट. केरी आल्यावर त्यांनी तो सोडला आणि विचारलं, "परत येताना थोडा वेळ मी चालवू काय रे?"