अदृश्य माणसाचा रविवार

रविवारची सायंकाळ आहे. गोरेगावातील एखाद्या घरी आजी-आजोबा, आईवडील आणि शाळकरी मुले दूरचित्रवाणीसमोर बसून ‘मिस्टर इंडिया’ पाहत आहेत. मोगॅम्बोचा तो तीन शब्दांचा प्रसिद्ध संवाद त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच मुले म्हणून मोकळी होत आहेत. आणि नेमक्या त्याच वेळी चळवळीतील एखादा जुना स्नेही दारात येऊन उभा राहतो, असे दृश्य कल्पनेत आणून पाहावे. घरातील कर्त्या माणसाचा हात नकळत आवाज कमी करण्याकडे वळेल. समाजवादी घरांत करमणुकीविषयी अशी एक अपराधी भावना फार दिवस नांदत आली आहे. निदान या चित्रपटाच्या बाबतीत तरी ती अनाठायी आहे.

आक्षेप सर्वांच्या परिचयाचा आहे. अचाट सामर्थ्याचा नायक सामान्य माणसाला सांगतो, तू स्वस्थ बैस, तुझे प्रश्न मी सोडवतो. संघटनेची जागा चमत्कार घेतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवून झोपी जातो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. बॅटमॅन हा गर्भश्रीमंत आहे आणि त्याचे सामर्थ्य मुख्यतः त्याच्या संपत्तीतून आलेले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तथापि या संप्रदायाचा उगम इतका निरुपद्रवी नव्हता. १९३८ साली, महामंदीच्या सावटाखालील अमेरिकेत, क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी सुपरमॅन जन्माला घातला. त्याच्या अगदी आरंभीच्या एका कथेत तो असुरक्षित खाण चालवणाऱ्या मालकाला त्याच्याच खाणीत अडकण्याचा अनुभव घडवतो. पुढे त्याच्या वाट्याला परग्रहावरचे शत्रू आले आणि खाणमालक सुटले, हा भाग वेगळा.

शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली प्रदर्शित झाला. लेखन सलीम-जावेद यांचे. त्या जोडगोळीचा हा अखेरचा मोठा चित्रपट. अरुण वर्मा हा व्हायोलिन वाजवून पोट भरणारा तरुण काही अनाथ मुलांना सांभाळतो. धान्य उधारीवर येते, भाडे थकलेले असते, मुले कधी उपाशी झोपतात, आणि समुद्रकाठच्या त्या जुन्या घरावर खलनायकाच्या माणसांचा डोळा असतो. सिद्धार्थनगरच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासाच्या नावाखाली जे भोगले ते ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्या गोरेगावकरांना घर गमावण्याच्या भीतीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अरुणला त्याच्या दिवंगत शास्त्रज्ञ पित्याच्या शोधाची माहिती देणारे वृद्ध प्राध्यापक अशोककुमार यांनी रंगवले आहेत. हे अशोककुमार म्हणजे १९४३ साली गोरेगावात फिल्मिस्तान उभारणाऱ्यांपैकी एक. जुन्या रहिवाशांना एवढ्यावरूनही हा चित्रपट घरचा वाटावा.

आता या नायकाला मिळालेले सामर्थ्य कोणते? तो उडत नाही, इमारती उचलत नाही. तो दिसत नाही, एवढेच. वस्तुतः अरुणसारखा माणूस यंत्र मिळण्यापूर्वीही कोणाला दिसत नव्हताच. शिधापत्रिकेच्या रांगेतला, थकलेल्या भाड्याचा माणूस शासनाला आणि बाजाराला क्वचितच दिसतो. लेखकांनी त्याचे तेच दैन्य घेतले आणि त्याचे शस्त्र केले. मुलांना हसू येते ते अधांतरी तरंगणाऱ्या वस्तूंचे; मोठ्यांच्या हसण्यात मात्र थोडा सूडाचाही आनंद मिसळलेला असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गंमत जाणवेल. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात ‘अदृश्य हात’ हा शब्दप्रयोग अवघा एकदा केला. त्याच्या अनुयायांनी मात्र त्याचा जप दोन शतके चालवला आहे. प्रत्येकाने आपापला स्वार्थ पाहावा, तो अदृश्य हात सर्वांचे हित साधील! चित्रपटातील वाणी अगदी याच शिकवणीनुसार वागतो आणि तांदळात खडे मिसळतो. खडा फुकट मिळतो व तांदळाच्या भावाने विकला जातो. स्वार्थाच्या हिशेबात यात चूक कोठे आहे? विक्रेत्याला मालाची प्रत ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात खोटा माल खऱ्याला हुसकावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने मांडले आणि २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. सलीम-जावेद यांनी तेच मूठभर तांदळात दाखवले. एक अदृश्य हात खडे मिसळतो, दुसरा अदृश्य हात त्या मिसळणाऱ्याची मानगूट पकडतो.

पडद्यावर हे घडण्याच्या दीड दशक आधी याच मुंबईत ते निराळ्या रीतीने घडले होते. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासमवेत हजारो गृहिणी थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांच्याजवळ यंत्र नव्हते. त्यांचे सारे बळ दिसण्यात होते, ऐकू येण्यात होते. स्वयंपाकघरात जी अदृश्य असते ती बाई मंत्र्याच्या दारात उभी राहून तेलाचा भाव विचारते, याचा धसका मोठा होता. तत्पूर्वी साठच्या दशकात गोरेगावच्या नळाला पाणी यावे म्हणून मृणालताई झगडल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या, हे येथील मुलांना आजी-आजोबांनीच सांगायचे आहे. चित्रपटाच्या मध्यंतरात सांगितले तर ती ऐकतील. व्याख्यानमालेत ऐकणार नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आक्षेपकांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नसावा, अशी शंका येते. धाकटी टीना स्फोटात मरते तेव्हा हसती खोली एकाएकी गप्प होते. मुलांपासून मृत्यू लपवून ठेवलेला नाही. आणि मोगॅम्बोशी अखेरचा सामना होतो तेव्हा अरुणजवळ ते यंत्र राहिलेलेच नसते. कैदखान्यातून सुटून तो सर्वांना दिसणारा साधा माणूस म्हणून लढतो आणि क्षेपणास्त्रे जागच्या जागी फुटतात. चमत्काराचे शस्त्र निर्णायक क्षणी कथेनेच काढून घेतले आहे. अदृश्य माणूस लाल प्रकाशात मात्र दिसतो, ही युक्तीही मोठी नामी आहे. कार्यकर्त्यांनी तीतून सोयीस्कर अर्थ काढण्याचा मोह आवरावा; लेखकांच्या मनात ते नसणार.

राहिला प्रश्न वेळेचा. तीन तास सहकुटुंब बसून हसायचे तर सर्वांना एकाच दिवशी सुटी हवी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. त्यातील एक मागणी आठवड्याच्या सुटीची होती. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. चाळीतील चार बिऱ्हाडांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला आणि रात्रभर चित्रपट पाहिले, त्या काळातही दुसऱ्या दिवशीचा रविवार लोखंड्यांनी मिळवून दिलेला होता. ज्या करमणुकीला अपराध मानायचे, तिच्यासाठी कामगारांनी सहा वर्षे झगडा दिला आहे.

आणि तरीही आजच्या त्या खोलीत एक माणूस असा येतो, की ज्याच्यापर्यंत १८९० चा तो रविवार अद्याप पोहोचलेला नाही. मध्यंतरात कोणीतरी भ्रमणध्वनीवरून खाणे मागवते. काही वेळाने घंटा वाजते, चित्रपट थांबवला जातो, पिशवी आत येते, दार लागते. पाच मिनिटांनी त्या तरुणाचा चेहरा घरातील कोणाला सांगता येईल काय? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाख होईल, असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांची व्याख्या केली, परंतु ती पारंपरिक मालक-कामगार संबंधाच्या बाहेरचे म्हणून. कंपनीच्या भाषेत ते ‘भागीदार’. भागीदाराला पगारी सुटी नसते. आणि रविवार हाच त्याच्या धंद्याचा दिवस, कारण त्या दिवशी इतर सारे घरी असतात.

गोरेगाव स्थानकाबाहेर, स्वामी विवेकानंद मार्गावर, आरे मार्गाच्या कडेला हे तरुण दुचाकी लावून पुढच्या मागणीची वाट पाहत उभे असतात. ते उन्हात कोठे टेकतात, प्यायचे पाणी त्यांना कोण देते, याची चौकशी गोरेगावातल्या कोणत्या शाखेने केली आहे?