पट्ट्याचा ताण आणि मजुरीतली कपात



बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागात लाकडाच्या गिरण्या आणि सुतारशाळा बऱ्याच आहेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर दूरवर गेली. फणस, आंबा, आकेशिया असे लाकूड जिथे कापले जाते तिथे बहुधा बँडसॉ मशीन असते आणि त्यावर आपलीच मुले उभी असतात.

या मशीनचा पट्टा तुटला की दोन संकटे येतात. एक, तुटलेले टोक अंगावर येण्याचे. दुसरे, पगाराच्या दिवशी मालक म्हणतो, "पट्टा तू तोडलास, पैसे कापणार." पट्टा का तुटला हे मुलाला सांगता येत नाही, म्हणून तो मुकाट्याने कमी पैसे घेऊन घरी येतो. तेव्हा आज पट्ट्याच्या ताणाचा हिशेब पाहू.

पट्टा दोन चाकांवरून फिरतो. वरचे चाक हँडलने वर उचलले की पट्टा ताणला जातो. साध्या कार्बन पोलादाच्या पट्ट्याला दर चौरस सेंटिमीटरला साधारण १००० ते १४०० किलो ताण लागतो. पट्टा २० मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर जाड धरा. १४०० च्या हिशेबाने एका बाजूला १६८ किलो, दोन्ही बाजू मिळून वरच्या चाकावर ३३६ किलो भार पडतो. म्हणजे साडेतीन क्विंटलच्या आसपास! हे काम अंदाजाने हँडल पिळून करायचे नाही.

ताण कमी पडला तर पट्टा लाकडात वाकतो, फळी मध्ये पोटफुगी निघते, पट्टा चाकावरून उतरतो. जास्त झाला तर वेल्डिंगचा सांधा सुटतो, दातांच्या खाचेत चीर जाते, बेअरिंग खराब होते. धार गेलेला पट्टा वाकडा कापतो तेव्हा पुष्कळजण ताण वाढवतात. तिथे पट्ट्याला धार लावायला हवी.

पद्धत अशी. प्रथम मेन स्विच बंद करून पिन काढावी. पट्ट्याचे दात टेबलाकडे, खालच्या दिशेने असावेत. गाईड मागे घ्यावेत. थोडा ताण देऊन वरचे चाक हाताने फिरवावे आणि पट्टा चाकावर नीट बसतो का ते पाहावे. मग पूर्ण ताण द्यावा. वरचा गाईड टेबलापासून १५ सेंटिमीटर उचलून पट्ट्याच्या सपाट बाजूला मधोमध बोटाने मध्यम जोराने दाबावे. साधारण पाव इंच हलला तर ठीक. जास्त हलला तर सैल आहे. शेवटी गाईड जुळवावेत, पट्टा आणि गाईड यांत कागदाएवढी फट ठेवावी. झाकणे लावल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

मशीनवरच्या ताणाच्या खुणांवर सगळा भरवसा नको. जुनी स्प्रिंग थकते. स्प्रिंग पूर्ण दाबून वेटोळे वेटोळ्याला टेकवणे तर फार वाईट. कारण पहा: चार मीटरचा पट्टा या ताणाने पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास लांबतो. काम करताना तो ३० अंशांनी तापला तर आणखी सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. स्प्रिंग मोकळी असेल तर ही वाढ ती सावरून घेते. टेकलेली असेल तर निम्मा ताण तिथेच जातो. संध्याकाळी पट्टा गार होऊन आखडला की ताण उलटा वाढतो. म्हणून काम संपल्यावर ताण सैल करावा आणि "पट्टा सैल आहे" अशी पाटी हँडलला अडकवावी. नाहीतर सकाळी दुसरा माणूस तसेच मशीन चालू करील.

आता पैशांचे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, अशी अट घातली. २०१९ च्या वेतन संहितेतही ही अट आहे. पण बाजू मांडायला पुरावा हवा. त्यासाठी दोन रुपयांच्या पेनाने वहीत लिहून ठेवा: पट्टा कोणत्या तारखेला चढवला, धार कधी लावली, सांधा कितव्यांदा जोडला, स्प्रिंग दुरुस्त करा असे कधी सांगितले, कोणासमोर सांगितले.

ज्या मुलाला लिहायचा कंटाळा असेल त्याच्या आईने किंवा बहिणीने रात्री जेवताना विचारून लिहावे. तुटलेला पट्टाही लगेच फेकू देऊ नका. जुन्या सांध्यावर तुटला की नव्या जागी चीर गेली, हे तो तुकडाच सांगतो. वही आणि तुकडा समोर ठेवून बोलणाऱ्या कामगाराचे पैसे कापताना मालकालाही विचार करावा लागतो.